चार कप, एक पाणी: चिनी हिरवे चहा घरी चाखून तुलना कशी करावी

नाशिकमधल्या माझ्या ओळखीतल्या पाच-सहा घरांत आता चिनी हिरव्या चहाची पाकिटं येतात, आणि प्रत्येक घरातून मला एकच प्रश्न येतो: "ह्यातला चांगला कुठला?" मी उलट विचारते, पान किती घेतलंत, पाणी किती, किती वेळ ठेवलंत. मग कळतं की एकाला चिमूटभर पान घातलं होतं, दुसऱ्याला चमचाभर. एक चहा सकाळी शांतपणे घेतला, दुसरा रविवारी मिसळ खाऊन आल्यावर. इतकं सगळं बदललं की चहाबद्दल काहीच कळत नाही.

माझ्याकडूनही हे घडलंय. पहिल्यांदा चार चहा शेजारी ठेवले तेव्हा किटलीतलं गाळलेलं पाणी तीन कपांत संपलं. चौथ्यासाठी घाईत नळाचं पाणी उकळून ओतलं. चौथा कप पिवळट दिसला, चवीला बोथट लागला. महिनाभर मी तो चहा "हलका माल" म्हणून बाजूला ठेवला होता. पुढे एकदा चारही कपांना एकाच किटलीतलं पाणी मिळालं, तेव्हा तोच चहा सगळ्यांत चांगला निघाला. दोष पाण्याचा होता आणि शिक्षा पानाला झाली.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती म्हणजे पान. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्याच नियमासाठी आहेत. इथे हिरवा चहा म्हणजे सुट्या पानाचा, काहीही न मिसळलेला चहा. पिशवीतला चुरा, गवती चहा, लिंबू-मध घातलेला कप ह्यांना ही पद्धत लागू होत नाही.

## १. शेजारी काय ठेवायचं ते आधी ठरवा

पहिल्या बैठकीला चारच चहा घ्या. सहा-सात घेतले तर पाचव्या कपापर्यंत जीभ तुरटपणाने बधिर होते आणि पुढचं सगळं सारखंच लागतं.

चार चहा एकमेकांपासून लांबचे असावेत. माझी शिफारस अशी:

- लोंगजिंग: चेजियांग प्रांतातला, तव्यासारख्या कढईत दाबून भाजलेला. पान चपटं आणि गुळगुळीत. वास फुटाण्यांकडे झुकणारा.
- बीलुओचुन: च्यांगसू प्रांतात ताइहू तळ्याकाठचा. बारीक, पिळदार पान, त्यावर पांढरी लव. वास फळाफुलांकडचा.
- ह्वांगशान माओफेंग: आनहुइचा. हा शेवटी कढईत न भाजता गरम हवेवर सुकवतात, म्हणून भाजका वास कमी आणि फुलासारखा मऊपणा जास्त.
- गनपावडर: गोळ्या वळलेला चेजियांगचाच चहा. दणकट, थोडा धुरकट. आपल्याकडे सगळ्यांत सहज मिळणारा हाच.

ह्यातला एखादा मिळाला नाही तर आन्जी बाइचा घ्या. बाइचा म्हणजे पांढरा चहा, पण नाव फसवं आहे. ज्या झुडपांपासून तो होतो त्यांची कोवळी पालवी फिकट असते म्हणून ते नाव पडलं. बनवण्याच्या पद्धतीने तो हिरवाच चहा आहे, आणि चवीला फार गोडसर.

ताइपिंग होउक्वेइ मात्र पहिल्या बैठकीत नको. त्याचं पान बोटभर लांब असतं, साध्या कपात ते नीट बुडतच नाही. अर्धं पान पाण्याबाहेर राहिलं तर तुलना तिथेच संपली.

प्रत्येक चहाचं २५ ग्रॅमचं पाकीट पुरतं. एका बैठकीत साधारण १० ग्रॅम लागतात, म्हणजे दोन बैठका निघतात.

तपासा: पाकिटावर तोडणीचं वर्ष आहे का? चीनमध्ये हिरव्या चहाची महत्त्वाची तोडणी मार्च-एप्रिलची. ४-५ एप्रिलच्या सुमाराला येणाऱ्या छिंगमिंग सणाआधी खुडलेला माल सगळ्यांत कोवळा आणि महाग. ह्या वर्षीचा एक चहा आणि दोन वर्षं पडून असलेला दुसरा, असे शेजारी ठेवले तर तुम्ही पानाची जात नाही, वय मोजताय. वर्ष लिहिलेलंच नसेल तर वहीत तसं नोंदवा.

## २. पाणी: सगळ्यांत जास्त चुका इथे होतात

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तरी लोक पाण्याचा विचार शेवटी करतात.

नाशिकच्या घरांत तीन प्रकारचं पाणी सापडतं. गंगापूर धरणाचं महापालिकेचं, सोसायटीच्या बोअरचं, आणि आरओ मशीनमधून आलेलं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या खडकातून येतं, बहुधा जड असतं. त्यात हिरव्या चहाचा रंग पिवळट-गढूळ होतो, वर पातळ तवंग येतो आणि वास दबतो. उलट आरओचं पाणी कधी कधी इतकं रिकामं असतं की चहा पोकळ लागतो, चवीला पाठच राहत नाही.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं, नाहीतर आरओ दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. ५० ते १५० च्या मधलं पाणी मला ह्या कामाला आवडतं. आरओचं फारच कमी असेल तर त्यात उकळून गार केलेलं नळाचं पाणी थोडं मिसळा आणि पुन्हा मोजा. एकदा प्रमाण जमलं की ते लिहून ठेवा आणि दर वेळी तेच घ्या.

पावसाळ्यात काही दिवस नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. ते झाकण न ठेवता उकळा आणि थोडा वेळ उघडंच राहू द्या. तरी वास राहिला तर त्या दिवशी बैठक करू नका.

आता ह्या पायरीतला खरा मुद्दा. बैठकीला लागणारं सगळं पाणी एकाच वेळी, एकाच भांड्यात भरून ठेवा. चार कपांची एक फेरी म्हणजे ६०० मिली. कप गरम करायला तेवढंच, पुढच्या फेऱ्यांना आणखी. तीन लिटरचं भांडं भरून ओट्यावर ठेवलं की मध्येच नळाकडे हात जात नाही.

सावधान: तांब्या-पितळेची सुंदर भांडी आपल्या भांडी बाजारात मिळतात आणि बऱ्याच घरांत पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यातच असतं. ते पाणी इथे नको. चहातला तुरट अंश धातूला लागला की चव बदलते. लोखंडाने तर रंगच काळपट होतो. स्टील, काच, चिनी माती एवढंच वापरा.

तपासा: नुसतं उकळलेलं पाणी एका कपात ओता, कोमट झालं की प्या. गोड, खारट, औषधी, प्लास्टिकसारखं, काहीही जाणवलं तर तीच चव चारही चहांत उतरणार आहे.

## ३. भांडी आणि काटा

चार पांढरे, एकाच मापाचे कप पान भिजवायला. चार पांढऱ्या वाट्या चहा गाळून घ्यायला. कपांवर झाकायला चार बशा. एक स्टीलची बारीक गाळणी, एक चिनी मातीचा चमचा, थुंकायला एक मोठा पेला, आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा.

पांढरा रंग हौसेसाठी नाही. निळ्या नक्षीच्या कपात सगळेच चहा हिरवे दिसतात.

काट्याशिवाय हे काम करू नका. चमच्याने मोजणं ही मी पाहिलेली सगळ्यांत सर्रास चूक आहे. गनपावडरच्या गोळ्या घट्ट वळलेल्या असतात, माओफेंगचं पान फुललेलं. सारखाच सपाट चमचा घेतला तरी गनपावडरचं वजन दुप्पट-तिप्पट भरतं. मग लोक म्हणतात, "गनपावडर फार कडू बाई!" कडू लागणारच, पानच तिप्पट पडलंय.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: पानाच्या पन्नासपट पाणी. १५० मिलीच्या कपाला ३ ग्रॅम, १०० मिलीच्या कपाला २ ग्रॅम. घरातले कप कितीचे आहेत ते मापाच्या पेल्याने एकदा मोजून घ्या. अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

तपासा: गाळणी नाकाजवळ धरा. रोजच्या चहाची गाळणी असेल तर आलं आणि वेलची तिच्या जाळीत मुरलेली असतात, आणि साबणाने ते जात नाही. ह्या कामाला वेगळी गाळणी ठेवा. प्लास्टिकची तर नकोच.

## ४. वेळ, खोली आणि तोंड

सकाळी साडेदहा-अकरा ही चांगली वेळ. नाश्ता होऊन दोन तास झालेले असतात आणि दुपारची फोडणी अजून पडलेली नसते. रिकाम्या पोटी बसू नका, हिरव्या चहाने मळमळतं. संध्याकाळी उशिरा बसलात तर रात्री झोप येणार नाही. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी चाखून थुंकावंच.

आदल्या तासात मिसळ, कांदा-लसूण, पान-सुपारी, बडीशेप, टूथपेस्ट काही नको. अत्तर लावून, सुगंधी तेल किंवा क्रीम चोळून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगा. हाताला साबणाचा वास राहत असेल तर नुसत्या पाण्याने दोनदा धुवा.

खोलीचं म्हणाल तर अगरबत्ती हा मोठा अडथळा. सकाळी सातला देवघरात लावलेली असते, अकरालाही पडद्यांत वास असतो. आम्ही बैठकीच्या दिवशी फक्त निरांजन लावतो आणि गॅलरीचं दार उघडं ठेवतो. बैठक खिडकीजवळ हवी, पण थेट उन्हात नको. ट्यूबलाइटखाली रंगाचा निवाडा करू नका.

तोंड साफ करायला कोमट पाणी आणि बिनमिठाचे कोरडे मुरमुरे. द्राक्षांच्या दिवसांत टेबलावर घड असतोच, पण दोन आंबट-गोड मणी खाल्ले की पुढचा चहा कडवट लागतो. ते बैठक झाल्यावर.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी चांगलीच असते, त्या दिवसांत कप झटकन गार पडतात. मे महिन्यात उलट, चहा खूप वेळ गरम राहतो. म्हणून दोन ऋतूंतल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहू नका.

## ५. कोरडं पान पाहा

प्रत्येक चहाचं थोडं पान पांढऱ्या बशीत पसरा. आकार सारखा आहे का, चुरा किती, देठ-काड्या किती, रंग एकसारखा की ठिपकेदार, एवढं पाहा. लोंगजिंगमध्ये फार झगझगीत हिरवा रंग म्हणजे उत्तम माल असं नाही. चांगल्या लोंगजिंगच्या हिरव्यात पिवळसर झाक असते, हातसडीच्या तांदळासारखी.

मग एक पान चिमटीत चुरडा. ते कुरकुरत भुगा व्हायला हवं. वाकलं, चिवट वाटलं तर त्यात दमटपणा शिरलाय. पावसाळ्यात उघड्या पाकिटाचं हे हमखास होतं.

सावधान: पाकीट फ्रिजमध्ये असेल तर बंदच बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. गार पान उघड्यावर आलं की त्यावर दव धरतं. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला चहा तर तुलनेला घेऊच नका. हिंगाचा वास पान चटकन ओढून घेतं.

## ६. ओतणं: कडक फेरी

इथे वाचक थांबतात आणि विचारतात, "हिरव्या चहावर उकळतं पाणी? ते तर चूक ना?" रोज पिताना चूकच. तुलना करताना नाही.

चीनच्या २०१८ च्या राष्ट्रीय चहा-परीक्षण प्रमाणकात हिरव्या चहासाठी ३ ग्रॅम पान, १५० मिली उकळतं पाणी आणि ४ मिनिटं असंच प्रमाण आहे. आयएसओ ३१०३ ह्या जागतिक प्रमाणकात सगळ्याच चहांना ६ मिनिटं दिली आहेत. हिरव्या चहासाठी मला ४ मिनिटांची पद्धत जास्त बरोबर वाटते. जास्त उष्णतेला तुरट आणि कडू अंश भरभर सुटतात. त्यामुळे पानातला जो दोष आहे, म्हणजे जळका वास, शिळेपण, कच्चा गवताळपणा, तो लपू शकत नाही. चांगला चहा ह्या परीक्षेतूनही उभा राहतो. ८० अंशांच्या पाण्यात मात्र सुमार चहाही गोड बोलतो.

आपल्याकडे एक स्थानिक बारकावा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, म्हणून इथे पाणी १०० ला नाही, सुमारे ९८ अंशांना उकळतं. काही बिघडत नाही, चारही कपांना ९८ च मिळणार आहे. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या मैत्रिणीशी नोंदी जुळवताना हे ध्यानात ठेवा.

क्रम असा:

1. कपांच्या तळाला खालून वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्या चिकटवा. कुठली टिकली कुठला चहा, हे घरातल्या एकाच माणसाने कागदावर लिहून घडी घालावी. मार्करने नंबर घालू नका, शाईचा वास नाकाला चकवतो.
2. कप उकळत्या पाण्याने भरा, अर्ध्या मिनिटाने ओतून द्या. कप गरम आणि कोरडे असू देत.
3. मोजलेलं पान कपात टाका आणि झाकून दोनदा हलवा. बशी किंचित उचलून वास घ्या. गरम कपातल्या कोरड्या पानाचा हा वास फार बोलका असतो, घाईत चुकवू नका.
4. पाणी पुन्हा खळखळून उकळा. घड्याळ सुरू करा आणि पहिला कप काठोकाठ भरून झाका.
5. अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने पुढचे कप: ०:३० ला दुसरा, १:०० ला तिसरा, १:३० ला चौथा. मधल्या वेळात किटली आचेवरच ठेवा. नाहीतर चौथ्या कपाला गार पाणी मिळेल.
6. ४:०० ला पहिला कप गाळा, ४:३० ला दुसरा, ह्याच क्रमाने. बशीने पान अडवत सगळा चहा वाटीत उतरवा, शेवटचे थेंबसुद्धा. भिजलेलं पान कपातच झाकून ठेवा.

सावधान: चारही कप एकदम भरून मग एकेक गाळत बसलात तर पहिला चार मिनिटांचा आणि शेवटचा सहा मिनिटांचा होतो. चौथा कडू लागला तर तो चहामुळे की दोन मिनिटांमुळे, हे सांगता येणार नाही.

## ७. रंग आधी, मग वास

हिरव्या चहाचा रंग हवेत भराभर बदलतो, पिवळा होत जातो. म्हणून गाळल्याबरोबर आधी रंग पाहा: स्वच्छ आहे का, चमक आहे का, हिरवट-पिवळा की तांबूस.

बीलुओचुन धुरकट दिसला की लोक त्याचे गुण कापतात. तसं करू नका. कोवळ्या पानावरची लव पाण्यात तरंगते म्हणून तो तसा दिसतो. वाटी तिरकी करून उजेडात धरा, लव दिसेल. दोष असतो तो मेलेल्या, चमक नसलेल्या गढूळपणाचा.

वास भिजलेल्या पानाचा घ्या, वाटीतल्या चहाचा नाही. कपाची बशी थोडी उचलून दोन-तीन सेकंद नाक जवळ न्या आणि पुन्हा झाका. हे तीनदा करायचं. गरम असताना दोष उघडे पडतात: जळका, धुराचा, कोंदट वास. कोमट झाल्यावर वासाची जात कळते. गार झाल्यावर कळतं की वास किती टिकतो. पहिल्यांदा घमघमलेला चहा तिसऱ्यांदा नुसता ओल्या कडब्यासारखा लागला, तर तेही लिहा.

शब्द आपल्या घरातले वापरा. चिनी चहाच्या वर्णनांत चेस्टनटचा वास सारखा येतो. तो आपण कितीसा घेतलेला असतो? आमच्या वहीत लोंगजिंगपुढे वहिनींनी लिहिलंय, "हुळा भाजताना शेवटी शेवटी येतो तसा." ते वाचलं की वर्षभरानेही तो कप आठवतो. फुटाणे, हुरडा, सोलाणे, उकडलेल्या मक्याचं पाणी, पालकाचं पाणी, कापलेलं गवत, जुन्या वहीची पानं, चुलीचा धूर, एवढी शिदोरी पुरेशी आहे.

## ८. चव

गंगापूर रोडच्या वाइनरींमध्ये टेस्टिंग केलेले पाहुणे इथे एक सवय घेऊन येतात: एक पेला संपवायचा, बोलायचं, मग दुसऱ्याकडे वळायचं. वाइन तेवढ्या वेळात फारशी बदलत नाही. चहा दर मिनिटाला गार होतो आणि गार होताना त्याची चव पालटते. पहिला ६० अंशांना आणि चौथा ३५ ला चाखलात तर ती तुलना नाही. म्हणून गप्पा नंतर.

साधारण ५० अंशांना सुरुवात करा. ओठाला चटका बसत नाही पण वाटी हाताला छान गरम लागते, ती वेळ. चमचाभर चहा घ्या आणि जोरात भुरका मारा. बशीतून चहा पिताना जुनी माणसं मारायची तसाच. हवेबरोबर चहा तोंडभर उडतो आणि वास घशामागून नाकात चढतो. मोठ्या माणसांपुढे भुरका मारायला संकोचणारे पाहुणे अर्धी चव गमावतात. तीन-चार सेकंद घोळवा, थुंका, चमचा गरम पाण्यात बुचकळा, पुढची वाटी.

क्रम हलक्याकडून दणकट चहाकडे: बीलुओचुन, माओफेंग, लोंगजिंग, शेवटी गनपावडर. त्यासाठी टिकल्यांचा कागद ठेवणाऱ्याने ओतण्याआधीच कप ह्या क्रमाने मांडावेत, नावं न सांगता. मग मुरमुरे, कोमट पाणी, दोन मिनिटं विश्रांती, आणि उलट क्रमाने दुसरी फेरी. दणकट चहानंतरचा कप नेहमी फिका वाटतो. उलट फेरीने तो अन्याय बराचसा भरून निघतो.

काय शोधायचं?

कडू आणि तुरट वेगळे करा. कारलं कडू, कच्चं केळं तुरट. कडू ही चव आहे, तुरट म्हणजे तोंड आवळल्याची जाणीव. दोन्ही थोडी असणं दोष नाही. कडूपणा लगेच विरतो की जिभेवर बसून राहतो, ते पाहा.

मग अंगभूत रस. मुगाच्या वरणावरचं निवळ पाणी पितो तेव्हा मीठ नसतानाही एक भरीव गोडसरपणा लागतो. चांगल्या वसंत ऋतूतल्या चहात तो असतो. पोकळ चहात नुसतं गरम पाणी आणि तुरटपणा.

शेवटी मागून येणारी गोडी. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर घशात जे होतं तेच. चिनी लोक तिला हुइगान म्हणतात. ती थुंकल्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने येते, म्हणून लगेच पुढच्या वाटीकडे धावणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. प्रत्येक वाटीनंतर वीस आकडे मनात मोजा.

सावधान: जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा शाळेत पाहिला असेल तर तो विसरा. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

## ९. भिजलेलं पान

आता कपातलं पान पांढऱ्या बशीत उलथा, थोडं पाणी घालून बोटाने उलगडा. पाकिटावर काय लिहिलंय आणि आत काय आहे, ते इथे कळतं. कळी आणि एक-दोन कोवळी पानं अखंड उघडली तर तोडणी चांगली. नुसते तुकडे असतील तर कोरडा आकार कितीही देखणा असो, माल जुळवलेला आहे.

पानाच्या कडा किंवा देठ तांबूस असतील तर भाजणी उशिरा किंवा अपुरी झाली, पान मध्येच लाल पडलं. काळे करपलेले ठिपके म्हणजे कढई जास्त तापली. बोटाला पान मऊ, मांसल लागायला हवं. कागदासारखं पातळ आणि ताठ म्हणजे जून पान.

मी एकदा महागाचं लोंगजिंग म्हणून मागवलेलं पाकीट असंच उघडलं. कोरडं पान चपटं, सुरेख. भिजल्यावर मोठी, जाड, शिरा वर आलेली पानं निघाली, दोन ठिकाणी देठ लाल. चवीवरून मला शंका होती, पण बशीत पसरल्यावर वादच उरला नाही. तेव्हापासून ही पायरी मी कितीही घाई असली तरी सोडत नाही.

## १०. गुण

वर सांगितलेल्या चिनी प्रमाणकात उत्तम हिरव्या चहांसाठी १०० गुण असे वाटले आहेत: कोरडं रूप २५, रंग १०, वास २५, चव ३०, भिजलेलं पान १०. घरी हेच वापरा. ह्यामुळे "दिसायला सुंदर" चहा सगळी बाजी मारून नेत नाही.

प्रत्येकाने आपापले गुण आधी न बोलता लिहावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "वा!" म्हटलं की बाकीच्यांची पेन्सिल तिकडेच वळते. टिकल्यांचा कागद सगळ्यांचं लिहून झाल्यावरच उघडा.

## ११. सौम्य फेरी: प्यायला कसा आहे?

कडक फेरीने दोष सांगितले. पण चहा घरात ठेवावा की नाही, हे पिऊनच ठरतं. थोडं थांबा, आणि नवं पान घेऊन पुन्हा ३ ग्रॅम, १५० मिली, पण ८० अंशांचं पाणी, २ मिनिटं.

थर्मामीटर नसेल तर हिशेब सोपा आहे. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग उकळून गार केलेलं पाणी. इथलं ९८ चं पाणी आणि २५ अंशांचं गार पाणी मिळून जवळपास ८० होतात. थंडीत गार पाणी १५ वर असेल तर ७७ येतं, चालतं. आधी पाणी मिसळा, मग ओता.

हेच पान पुन्हा अडीच मिनिटं, मग तीन मिनिटं भिजवा. बीलुओचुन पहिल्या पाण्यातच बरंचसं देऊन टाकतो. गनपावडरच्या गोळ्या दुसऱ्या पाण्याला कुठे नीट उलगडतात, त्याचा दुसरा कप पहिल्यापेक्षा भरीव लागला तर नवल नाही. एकाच कपावर निवाडा केला असता तर हे कळलं नसतं.

## १२. खरंच फरक कळतोय का?

दोन चहा जवळजवळ सारखे वाटत असतील, उदाहरणार्थ दोन दुकानांचं लोंगजिंग, तर तीन वाट्यांची परीक्षा घ्या. दोन वाट्यांत एक चहा, तिसरीत दुसरा, वाट्या दुसऱ्याने मांडायच्या. वेगळी कुठली ते ओळखा. हे सहा वेळा करा आणि दर वेळी मांडणी बदला. नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा सहा वेळा बरोबर येण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी आहे. पाच वेळा ओळखलंत तर फरक खरा आहे. दोन-तीनदाच ओळखलंत तर स्वस्त पाकीट घ्या.

पुढच्या बैठकीला चारही चहा नवे आणू नका. आजच्या चारांतला एक, शक्यतो मधल्या गुणांचा, घट्ट बंद करून ठेवा आणि पुढच्या वेळी तो तिथे पुन्हा मांडा. आज त्याला ७४ मिळाले आणि पुढच्या वेळी ६६, तर नव्या चहांचे गुण वाचण्याआधी पाणी, गाळणी आणि त्या दिवशीचा नाश्ता तपासा.